न झटकलेलं फडकं

दाजी गेल्याचा फोन सकाळी आला आणि त्यांच्या गाडीबद्दलचा फोन दुपारी. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. मी सांगलीहून निघून त्यांच्या गावी, विट्याजवळ, पोचलो तेव्हा माणसं खांदा द्यायला उभीच होती. स्मशानात भाचा नितीन ओल्या अंगानं चितेशी उभा होता, म्हणून त्याचा मोबाइल माझ्याजवळ दिलेला. तो वाजला. पलीकडचा गृहस्थ पुण्याहून बोलत होता. एका श्वासात त्यानं दुःख व्यक्त केलं आणि दुसऱ्या श्वासात विचारलं, "फोटोतली गाडी अजून तुमच्याकडेच आहे ना?" समोर चिता पेटलेली होती. मी फोन बंद केला. तो पुन्हा वाजला.

फोटोची गोष्ट अशी. नातेवाइकांपैकी कुणीतरी उत्साही माणसानं भावपूर्ण श्रद्धांजलीचा मेसेज करताना दाजींचा एकट्याचा फोटो न घेता गाडीला टेकून उभे असलेले दाजी घेतले, खाली शोकाकुल म्हणून नितीनचं नाव आणि नंबर घातला. तो मेसेज कुठल्या कुठल्या ग्रुपांवरून फिरत गेला आणि ज्यांना पोचायचा त्यांना बरोबर पोचला. त्यांनी त्यात माणूस पाहिलाच नाही. दुसऱ्या दिवशी गावच्या चौकात फ्लेक्स लागला, त्यातही गाडी मोठी आणि दाजी कोपऱ्यात. राख सावडायला आलेले चार पाहुणे परत जाताना गाडीशेजारी उभे राहून फोटो काढत होते, हसऱ्या चेहऱ्यानं. त्यातला एक तर नात्यानं माझा चुलतभाऊ लागतो. मला त्या दिवसापासून जी शिसारी बसली आहे ती अजून गेलेली नाही. खरं तर ती थोडी ओसरली की लिहू, असं ठरवलं होतं... पण सहा-सात आठवडे झाले, ओसरायचं नाव नाही. तेव्हा आहे तशीच लिहितो.

दाजी गलाईवाले. आमच्या विट्याच्या भागातल्या घरटी एका माणसाला हा धंदा ठाऊक आहे. जुनं सोनं वितळवायचं, तेजाबात शुद्ध करायचं आणि किती टंचाचं, म्हणजे किती शुद्ध, निघालं ते गिऱ्हाइकाला सांगायचं. माणूस विशीत घर सोडतो, देशातल्या कुठल्यातरी शहराच्या सराफकट्ट्यात जिन्याखालची खोली घेतो आणि केस पांढरे झाल्यावर परत येतो. दाजी कोईमतूरला गेले. तमीळ फाडफाड बोलत, पण शिव्या मात्र खानापूर तालुक्यातल्याच देत. अंगानं थोराड, आवाज भरडा, आणि स्वभाव असा की लग्नाच्या पंगतीतसुद्धा जिलबी हातात घेऊन 'ह्यात तूप कितपत हाय' म्हणून विचारणार. त्यांच्याबरोबर चारचौघांत जायची मला भीती वाटे.

त्या धंद्याचा एक नियम आक्कानं लग्न होऊन गेल्या गेल्या शिकून घेतला होता. गलाईच्या दुकानातलं फडकं झटकायचं नसतं. हात पुसलेलं, पाट पुसलेलं, झाडलेला केरसुद्धा... सगळं राखून ठेवायचं, सवडीनं जाळून धुऊन त्यातलं सोनं काढायचं. आक्का माहेरी आली की आमच्या आईनं ओट्यावरचं फडकं खिडकीतून झटकलं तरी दचकायची. आम्ही हसायचो. दाजींच्या घरात फडकं पुसून झालं की आतल्या बाजूला घडी होऊन बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जाई, मग त्यावर सोनं असो की नुसती हळद.

ही गाडी त्यांनी निलगिरीतल्या एका चहामळेवाल्याकडून घेतली. युरोपातल्या नामांकित कंपनीची, दोन माणसांची, कापडी टपाची, गर्द हिरवी स्पोर्ट्स कार. कंपनीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण हा सगळा बाजार त्या नावावरच चालतो आणि माझ्या लेखानं त्यात भर पडायला नको. दाजींनी गाडी कशी पारखली, हे ते स्वतःच रंगवून सांगत. कडेच्या चकचकीत पट्टीवर कसोटीचा दगड घासला. पत्रा बोटाच्या पेरानं वाजवून ऐकला. इंजिनाशेजारी असायची ती पितळी पाटी मळेवाल्यानं सोडवून आणून दाखवली, ती सराफाच्या भिंगातून वाचली, अक्षरं खरी निघाली. बॉनेटवर मधोमध एक उंचवटा होता, तो तर त्यांना फारच आवडला; पैलवानाची छाती दिसते म्हणाले. एवढं सगळं केलं आणि बॉनेट मात्र उघडून बघितलं नाही. कळ अडकली आहे, सुटा भाग इंग्लंडहून यायचा आहे, असं मळेवाला म्हणाला. धातू खरा निघाला की माल खरा, हा आयुष्यभराचा हिशेब. दागिन्याला कुठं इंजिन असतं?

कोईमतुराहून गाडी हाकत ते घरी निघाले, शेजारी आक्का, डोक्याला पदर घट्ट बांधून. बेळगाव गेलं, कोल्हापूर गेलं आणि इस्लामपुराजवळ गाडी बसली. तिथला मिस्त्री फौजेतून आलेला माणूस. त्यानं चपट्या पट्टीनं कळ उचकटली, आत पाहिलं आणि म्हणाला, "आवं मालक, ह्ये तर जीपचं इंजिन हाय. बसंना म्हणून बॉनेटला ठोकून टेंगूळ आणलंय." आक्का सांगते, दाजी रस्त्याकडेच्या दगडावर बसले ते कितीतरी वेळ उठलेच नाहीत. सोनं बघून त्यात काय मिसळलंय ते सांगणारा माणूस, आणि त्याला एका चहामळेवाल्यानं आख्खं इंजिन मिसळून विकलं होतं.

दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता, आणि संधी साधून गाडी तिसऱ्याच्या गळ्यात मारली असती. आपल्याकडे ह्याला व्यवहार म्हणतात. दाजींनी उलटं केलं. गावात आल्या आल्या पारावर गाडी उभी केली, बॉनेट उघडलं आणि येईल त्याला आपण कसे फसलो ते सांगितलं. त्या इंजिनाला ते घरजावई म्हणत. "आलंय दुसऱ्याच्या घरात, पण कामाला चांगलं हाय." गावानं गाडीला 'बसकी' नाव ठेवलं, कारण गतिरोधकावर तिचं पोट घासे आणि दाजी ती तिरकी घालून, आतून शिव्या देत, एकेक चाक चढवत. दसऱ्याला झेंडूची माळ, चाकाखाली लिंबू. एकदा दूध संघाचा टेंपो ओढ्यात रुतला, तो घरजावयानं ओढून काढला. विलायती इंजिन असतं तर ओढ्यातच रडत बसलं असतं, असं दाजी पुढं वर्षभर सांगत होते.

कोईमतूरचं दुकान नितीनकडे देऊन ते कायमचे गावी आले, तेव्हापासून त्यांची सकाळ ठरलेली. आंघोळ, देवाला फूल, आणि मग जुन्या धोतराचं मऊ फडकं घेऊन पत्र्याच्या शेडमध्ये. बॉनेटपासून सुरुवात. टेंगळावरून हात गोल फिरायचा. घाई नाही. शेवटी फडकं आतल्या बाजूला घडी करून डब्यात. मी एकदा म्हटलं, दाजी, ह्या धुळीतून काय सोनं निघणार? तर म्हणाले, "मास्तर, हाताला लागलेली सवय हाय. ती झटकता यीत न्हाई." मी हायस्कुलात मराठी शिकवत होतो, त्यांना चांगलं वाक्य सुचलं की ते माझ्याकडे बघून घेत.

शेवटच्या काही वर्षांत त्यांना मोबाइलवर जुन्या युरोपीय गाड्यांच्या जाहिराती वाचायचा नाद लागला होता. लाल इटालियन, चंदेरी जर्मन, पिवळी अमुक... मोठ्यानं वाचून दाखवायचे. प्रत्येक गाडी कुठल्यातरी संस्थानिकाची, प्रत्येकीचा मालक एकच, प्रत्येक विकणाऱ्याला ती जिवापाड प्रिय आणि तरीही विकायची आहे. "एवढी संस्थानं हुती तरी का रं आपल्याकडं?" दाजी विचारत. मग फोन लावून पलीकडच्याला घोळात घेत. ह्याच नादात एकदा ते मला साताऱ्याला घेऊन गेले. शहराबाहेर एका फार्महाउसवर लाल इटालियन गाडी विकायला होती, मालक तरणा, केसाला तेलासारखं काहीतरी चोपडलेला. दाजींनी खिशातून रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक काढलं. आपण फसल्यानंतर ते कायम जवळ ठेवत. दारावर धरलं तर चिकटलं. मागच्या चाकावरच्या पत्र्याला धरलं तर टपकन खाली पडलं. पुन्हा धरलं, पुन्हा पडलं. म्हणजे पत्रा कधीच कुजून गेला होता आणि वर नुसती पुट्टी भरून रंग मारलेला. जाहिरातीत 'अपघातविरहित, मूळ पत्रा' असं छापलं होतं. दाजी शांतपणे म्हणाले, "पोरा, सांगून विक. सांगितलंस तर मी बी घेईन." तो पोरगा हसला. लाजला नाही, हसला. म्हणाला, काका, सांगितलं तर ह्या धंद्यात उरलं काय?

परतीच्या वाटेवर दाजींनी लोहचुंबक पुन्हा रुमालात गुंडाळून खिशात टाकलं. मला वाटलं, रागावलेत. नंतर म्हणाले की त्याचं खरं आहे. सांगितलं की कुणी घेत नाही, आपल्याकडेच बघा. ते खरंच होतं. बसकीला गिऱ्हाइकं पुष्कळ आली. पुण्यामुंबईची, बारीक चड्ड्या घातलेली, गॉगल कपाळावर चढवलेली. दाजी चहाच्या आधी बॉनेट उघडत. घरजावयाची ओळख झाली की पुढचा चहा गिऱ्हाइकाच्या घशाखाली उतरत नसे. आक्का अर्धे राहिलेले कप उचलायची आणि दाजी समाधानानं फडकं शोधायला लागायचे.

मिरजेच्या दवाखान्यात त्यांची-माझी शेवटची भेट झाली. नितीन कोईमतुराहून आलेला, आक्का पायथ्याशी. बोलताना धाप लागत होती, तरी बसकीचा विषय त्यांनीच काढला. मी गेल्यावर गाडी ठेवायचा हट्ट करू नका, शेडमध्ये सडवू नका, विका, म्हणाले. मग नितीनचा हात धरला. "फकस्त सांगून विक. मला फसवलं, ते माझ्यापाशीच मिटू दे. फुडं जाऊ देऊ नगंस." नितीन "व्हय आबा" म्हणाला. डोळ्यात पाणी आणून म्हणाला. मी तिथंच होतो, आक्काही होती. दाजींनी आयुष्यात मागितलेली ती एकच गोष्ट, आणि ती त्यांच्या अंगावरच्या कपड्यांसारखी स्वच्छ होती.

तेरावा व्हायच्या आत स्मशानात फोन करणारा तो पुण्याचा दलाल दारात हजर झाला. पांढरे बूट, अंगाला अत्तराचा दर्प. दाजींच्या फोटोला हार घातला, तोही आमच्याच परडीतला उचलून, आणि शेडमध्ये गेला. बसकी पाहून त्याचा चेहरा पडला. गाडी फारच स्वच्छ आहे हो, म्हणाला. मला आधी कळेना, ही तक्रार कशी. मग त्यानं नितीनला समजावलं, मी ऐकत होतो. ह्या बाजारात सध्या सगळ्यात चढा भाव आहे 'बार्न फाइंड'ला. म्हणजे गोठ्यात, अडगळीत, वर्षानुवर्षं कुणी हात न लावता पडून राहिलेली गाडी अचानक सापडली, अशी गोष्ट. रोज पुसलेल्या गाडीला गोष्ट नसते. गाडीसाठी वेडा झालेला श्रीमंत धुळीवर भाळतो, म्हणाला. आणि बॉनेट? त्याची कळ गंजून अडकली आहे असं लिहू.

नितीन काही दुष्ट नाही. त्याला दुकान उघडायला परत जायचं होतं, डोकं ठिकाणावर नव्हतं, आणि समोरचा गोड बोलत होता. हे सगळं मला कळतं. तरी सांगतो, दाजींनी सांभाळलेली गाडी म्हशी बाहेर काढून गोठ्यात ढकलताना मी माझ्या भाच्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि ढकलायला हात लावला नाही. वर भुसकट टाकलं. सीटवर कोंबड्या सोडल्या, त्या बसेनात म्हणून दाणे टाकले. त्या दलालानं स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन आक्काकडे चाळण मागितली. तिला वाटलं, पाहुण्यांसाठी काही करायचं असेल. तिनं पिठाची चाळण धुऊन, पुसून दिली. त्यानं त्या चाळणीतून रस्त्यावरची माती गाडीवर चाळली. एकसारखी, हलक्या हातानं, अगदी रांगोळी घालावी तशी. मग सगळे फोटो काढले, हात धुतले आणि आमच्या ओसरीवर बसून पिठलं-भाकरी मागून जेवला. फारच ऑथेंटिक चव आहे, म्हणाला. आक्कानं ती चाळण पुन्हा स्वयंपाकघरात घेतली नाही.

मी नितीनशी भांडलो. तो म्हणाला, मामा, तुमाला यातलं कळत न्हाई, समदे असंच करत्यात. ह्याच शब्दांत तो चहामळेवाला पण बोलला असेल. मी आक्काला सगळं सांगितलं. बार्न फाइंड वगैरे तिला कळलं नाही, पण बॉनेट अडकलंय म्हणून सांगणार, हे कळलं. डोकं दुखतंय म्हणून आत जाऊन पडली.

गिऱ्हाईक आलं मुंबईहून. पन्नाशीचे, गोरेपान, मृदू बोलणारे, नमस्कार-चमत्कार व्यवस्थित करणारे गृहस्थ. दलाल त्यांना गोठ्यात घेऊन गेला आणि 'चाळीस वर्षांत हात लागला नाही' ही कहाणी सुरू केली. नितीन खाली मान घालून उभा. तेवढ्यात आक्का आली. दुखवट्यातली बाई, घराबाहेर पडायची नाही म्हणून सगळे सांगत होते, ती गोठ्यात आली. हातात डब्यातलं फडकं. कुणाकडं न बघता ती बॉनेटपाशी गेली आणि दाजी पुसायचे तसं त्या टेंगळावरून हात गोल फिरवत पुसायला लागली. मातीखालून हिरवा रंग वर आला. मग फडकं आतल्या बाजूला घडी करून ती त्या गृहस्थांना म्हणाली, "आमच्यात रोज पुसत्यात ही. आतलं इंजिन जीपचं हाय, तुमाला सांगितलं न्हाई ह्यांनी. मालक सांगून गेल्यात, खोटं बोलून द्यायची न्हाई."

मला वाटलं, झालं, फुटलं एकदाचं. आक्काकडे बघून माझा ऊर भरून आला होता. त्या गृहस्थांनी हात जोडले आणि अत्यंत नम्रपणे म्हटलं, "मला माहीत आहे, ताई. उंचवटा बघूनच कळलं. मला कुठं चालवायची आहे?"

गाडी गेली. त्यांनी घेतली. सपाट ट्रकवर चढवताना ट्रकवाल्याला बजावून सांगितलं, भुसा उडता कामा नये, वर ताडपत्री घाल. कितीला गेली ते मी विचारलं नाही, नितीननं सांगितलं तेव्हा कान बंद केले. मला इतकी वर्षं वाटायचं की फसवणाऱ्याला फसणारा लागतो. इथं तोही नको होता. सगळ्यांना सगळं माहीत होतं, आणि तरी ती माती हळुवारपणे झाकून नेली गेली. साताऱ्याचा तो तेल चोपडलेला पोरगा निदान हसला तरी होता.

गेल्या आठवड्यात मी आक्काकडे गेलो होतो. नितीन परत गेलाय. शेड रिकामं. आक्का ओसरीवर गहू निवडत बसलेली, बिस्किटांचा डबा शेजारीच होता. मला कुणीतरी नवी जाहिरात पाठवली होती, मुंबईहून निघालेली. बसकीच. दाजींचा तो टेकून उभा असलेला फोटोही आहे, फक्त त्यातून दाजी कापलेत. दाराच्या काचेवर त्यांची चार बोटं तेवढी राहिलीत, नीट बघितलं तर दिसतात. आक्का म्हणाली, वाचून दाखव बाळू, काय लिहिलंय. मला टाळता आलं असतं, पण तिला खोटं सांगायची माझी छाती झाली नाही. खाली लिहिलं होतं: चाळीस वर्षांची धूळ जशीच्या तशी, बॉनेटवरचा हातभर भाग मात्र वृद्ध मालकिणीनं निरोप देताना आपल्या हातानं पुसलेला आहे, तो तसाच जपला आहे.

आक्कानं ऐकून घेतलं. पुन्हा वाच म्हणाली नाही. सूप बाजूला ठेवलं, डबा उघडला, त्यात दाजींनी घडी घातलेली फडकी रांगेनं होती आणि सगळ्यात वर तिनं त्या दिवशी ठेवलेलं. तेवढं एक तिनं उचललं. उठली, अंगण ओलांडलं, गोठ्याच्या मागं उकिरड्यापाशी गेली. फडक्याची दोन टोकं धरली आणि झटकलं. जोरात, पुन्हा पुन्हा, हात दुखेपर्यंत झटकलं. ती माती उकिरड्यावर बसली तेव्हा ती परत आली, फडकं नळाखाली धुतलं, पिळलं, दोरीवर वाळत घातलं.

मग डब्याचं झाकण घट्ट लावून तिनं तो आत भिंतीतल्या देवळीत ठेवला.